डावा उजेड

रुस्तावीतली ही नवव्या मजल्यावरची बाल्कनी बापानं बंद केली होती,
पोलाद-कारखान्यातून पाठीवर आणलेल्या लोखंडानं.
काचा तीन रंगांच्या, मिळाल्या तशा.
वीस वर्षं तिथे राहिल्या आंबट सॉसच्या बरण्या,
माझी मोडकी सायकल
आणि बाप गेल्यावर त्याचे बूट.

मार्चमध्ये मी सगळं काढलं.
बूटही.
आईला जर्मन शिकायचं होतं.

सत्तेचाळीस वर्षांची, रात्रपाळीची नर्स.
स्वयंपाकघरात वही उघडायची
आणि शेजारीण यायची मीठ मागायला,
मीठ हातात घेऊन तासभर बसायची.
"डोक्यात राहत नाही रे काही," आई म्हणायची,
जणू डोकं म्हणजे तळ गेलेली बादली.

मी सुतार. डोक्यातलं मला काय कळतं?
मला एवढंच ठाऊक,
माणूस कसा बसलाय त्यावर हात चालतो.
ती भाजी चिरत असताना गुपचूप मोजलं तिला:
बसल्यावर कोपर कुठे येतं,
पाय जमिनीला टेकतात का.
टेकत नव्हते.
कुठल्याच खुर्चीवर टेकले नसणार आजवर,
बोलली नव्हती कधी.

फळी अक्रोडाची, कुणाच्या तरी जुन्या दाराची.
बिजागरीची खाच तशीच ठेवली, पेन्सिलीसाठी.
खाली पायफळी. समोर भिंत, कोरी, फिकट हिरवी.
खाली अंगणात नुग्झार आणि मंडळी डोमिनो आपटतात,
त्या बाजूला दुहेरी काच, फटींत लोकर.
फोनसाठी दाराबाहेर खिळा आणि पिशवी.
आणि उजेड डावीकडून,
उस्तादांनी शिकवलं तसा:
हाताची सावली अक्षरावर पडता कामा नये.

ती बसली. छान म्हणाली.
आठवडाभर पान उलटलं नाही.

एका पहाटे पाणी प्यायला उठलो
तर दाराच्या फटीतून दिसली:
आई डाव्या हातानं लिहीत होती,
वहीवर वाकून, स्वतःच्याच सावलीत चाचपडत.

पाव ती डाव्या हातानं कापते.
मला आयुष्यात एकच थप्पड दिली, तीही डावीच.
बावीस वर्षं बघत होतो, दिसलं नव्हतं.
माझी चाहूल लागताच पेन झटकन उजव्या हातात गेलं,
शाळेत बोटांवर पट्टी खाल्लेल्या मुलीसारखं.

दुसऱ्या दिवशी टेबल फिरवलं.
दुहेरी काचही काढली. "फार शांत होतं," ती म्हणाली,
"वॉर्डात कुणी गेल्यावर होतं तसं."
डोमिनो आत आले, थोडे थोडे.

मग शब्द राहू लागले.
घरभर चिठ्ठ्या.
आमच्या भाषेत तो, ती, ते असलं काही नाही,
बाप्या, बाई, मांजर, देव, सगळे एकाच शब्दात मावतात.
तिकडे मात्र टेबल तो, दिवा ती
आणि खिडकी ते.
"खिडकीनं काय घोडं मारलं होतं?"
आई एकटीच हसायची.

ती जसजशी पानं उलटत गेली
तसतसं मला कळत गेलं मी काय करून बसलोय.
तिच्या जाण्याला मीच पायफळी ठोकली होती,
बरोब्बर तिच्या उंचीची.

एका रात्री ती ड्युटीवर असताना स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो.
एकच स्क्रू. जरासं डुगडुगलं असतं, बस्स.
उकिडवा बसून राहिलो बराच वेळ.
मग अर्धा फेरा आणखी आवळला
आणि झोपायला गेलो.

परीक्षा जूनमध्ये आहे.

आज सकाळी लिफ्टच्या डब्यात नाणं टाकत होतो
तर मागून शेजारीण म्हणाली, हे काय रे पाठीवर?
हात मागे नेऊन काढली चिठ्ठी.
डावीकडे कललेली, ठाम अक्षरं:
मुलगा, तो.

नवव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत हातातच होती.
मग तिलाच सांगितलं,
परत चिकटव, होती तिथेच.